पैसा सुरक्षित, पण घराचे काय?

पत्राचा सारांश: नागपूरच्या मनीषनगर भागात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्या ४१ वर्षांच्या असून खासगी शाळेत शिक्षिका आहेत आणि त्यांचा पगार २८ हजार रुपये आहे. पती ४४ वर्षांचे आहेत. ते बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत ६२ हजारांच्या नोकरीवर असून रोज मोटारसायकलने जातात-येतात. मुलगी दहावीत आहे, मुलगा पाचवीत आहे आणि ७२ वर्षांच्या सासूबाई सोबत राहतात. फ्लॅटच्या कर्जाचे १९ लाख रुपये साडेआठ टक्के व्याजाने फेडायचे आहेत. काटोल तालुक्यातील संत्र्याची बाग विकल्यावर वाट्याला आलेले १४ लाख रुपये सध्या बँकेत आहेत आणि त्यावर तीन प्रस्ताव आलेले आहेत. पतीचे मामेभाऊ विमा एजंट आहेत. त्यांनी एक ‘गॅरंटीड’ पॉलिसी काढून दिली आहे, जिच्यात दहा वर्षे दरवर्षी एक लाख रुपये भरायचे, विसाव्या वर्षाच्या शेवटी हमखास २० लाख मिळणार आणि विमा रक्कम ११ लाख. तिचा पहिला हप्ता भरून झाला आहे आणि नऊ दिवसांपूर्वी पॉलिसी ईमेलवर आली आहे. सीताबर्डीतील बँकेचे अधिकारी १० लाख रुपये एकरकमी युलिपमध्ये, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या विमा पॉलिसीत, भरा म्हणतात. पतीचे एक सहकारी दरमहा दोन टक्के देणारी योजना सुचवतात. पतीच्या नावे जुन्या दोन पॉलिसी मिळून ६ लाखांचा विमा आहे आणि सासूबाईंचे ६ लाख पतसंस्थेत आहेत. वाचक भगिनी विचारतात, “या तिन्हींपैकी सर्वांत सुरक्षित कोणते? टर्म प्लॅनबद्दल ऐकले आहे, पण त्यात काहीच परत मिळत नाही, म्हणून मन होत नाही.”

ताई,

आधी तारखेचे बोलू. बाकी सगळ्याचा विचार सावकाश करता येईल, पण तारीख कोणासाठी थांबत नाही. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती विनाकारण परत करण्याचा हक्क विमाधारकाला असतो, त्याला ‘फ्री लूक’ म्हणतात. कंपनी त्यातून मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि जितके दिवस विमा चालू होता तितक्या दिवसांचा जोखमीचा हप्ता एवढेच कापते, उरलेली रक्कम परत करते. तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी एवढा भाग तुम्हाला ईमेलने कळवला होता. इतर वाचकांसाठी तो येथे पुन्हा लिहीत आहे, कारण पॉलिसी आली की ती कपाटात किंवा मोबाइलमध्ये पडून राहते आणि हा हक्क न वापरताच संपतो.

आता तुमचा प्रश्न. तिन्हींपैकी सुरक्षित कोणते, असे तुम्ही विचारता तेव्हा दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, भरलेले पैसे परत मिळाले म्हणजे आपण सुरक्षित. आणि दुसरी, निवड या तीन प्रस्तावांमधूनच करायची आहे. या दोन्ही गोष्टी जरा तपासून पाहाव्यात अशी माझी विनंती आहे. म्युच्युअल फंडाच्या कागदावर ‘रिस्कोमीटर’ छापलेला असतो. ‘कमी’पासून ‘अति उच्च’पर्यंत त्याच्या सहा पायऱ्या असतात आणि तो उपयोगीही आहे. पण तो त्या योजनेची जोखीम सांगतो, तुमच्या घराची सांगू शकत नाही. विमा कंपनी बुडेल का, ही भीती पुष्कळांना वाटते. त्याबाबत एवढे सांगता येईल की आपल्याकडे विमा कंपन्यांना देणी भागवून उरेल इतकी मत्ता, म्हणजे किमान १५० टक्के सॉल्व्हन्सी गुणोत्तर, राखावे लागते आणि एलआयसीच्या पॉलिसींना तर कायद्यानेच केंद्र सरकारची हमी आहे. तुमच्या घरावरचे खरे सावट तेथे नाही.

ते कोठे आहे हे पाहण्यासाठी उत्पादनांची माहितीपत्रके बाजूला ठेवा आणि कोणती घटना घडली तर हे घर मोडेल, असा प्रश्न विचारा. शेअर बाजार पडला तर मोडणार नाही, कारण तुमचे पैसे आज तेथे नाहीत. व्याजदर एक टक्क्याने वर गेले तर ओढाताण होईल, घर चालेल. पण वर्धा रोडवरून रोज मोटारसायकलने जाणाऱ्या माणसाला उद्या काही झाले तर? आकडे मांडून पाहू. कर्ज १९ लाख. दोन्ही मुलांच्या शिक्षणाला आजच्या भावाने किमान २० लाख धरू. कर्ज फिटले असे मानले तरी घरखर्च ४० हजारांच्या आसपास राहील, तुमचा पगार २८ हजार, म्हणजे दरमहा १२ हजारांची तूट. ही तूट वीस वर्षे भरून काढायची तर साधारण २९ लाख लागतात आणि तेही त्या रकमेवरचे व्याज महागाईइतके तरी मिळेल असे धरून. ही बेरीज ६८ लाखांवर जाते. हाताशी काय आहे? जुन्या पॉलिसींचे ६ लाख. शिवाय पतीचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर त्याच्यासोबत असलेल्या ईडीएलआय योजनेतून वारसांना जास्तीत जास्त ७ लाख मिळू शकतात. ही गोष्ट अनेक घरांत माहीतच नसते, त्यामुळे कारखान्याच्या कार्मिक विभागात जाऊन तेथे वारसदार म्हणून कोणाचे नाव आहे ते अवश्य पाहा. अर्थात नोकरी सुटली की हे कवचही सुटते. म्हणजे आजची उणीव किमान ५५ लाखांची आहे. तुमच्या स्वतःच्या म्हातारपणाची सोय त्यात धरली तर ती ७५ लाख ते एक कोटीच्या घरात जाते.

आता या आकड्यासमोर तीन प्रस्ताव ठेवून पाहा. गॅरंटीड पॉलिसीत ११ लाखांचा विमा आहे. युलिपमध्ये साडेबारा लाखांचा आहे आणि त्यातले १० लाख तर तुमचेच आहेत. दोन टक्क्यांच्या योजनेत विमा हा विषयच नाही. ज्या संकटाने घर खरोखर मोडेल, त्या संकटाला तिन्हींपैकी एकाकडेही उत्तर नाही. निवड या तिघांतूनच करायची हे गृहीत तपासून पाहा, असे मी सुरुवातीला म्हटले ते याचसाठी.

टर्म प्लॅन म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू आला तरच रक्कम देणारा विमा. त्यात एरवी काही परत मिळत नाही हे खरे आहे आणि म्हणूनच तो स्वस्त असतो. संत्र्याच्या बागेला तुम्ही कुंपण घालत होता, तेव्हा कुंपणालाही फळ यावे अशी अपेक्षा कोणी ठेवली नव्हती. साठ वर्षे वयापर्यंत एक कोटीचे शुद्ध मुदत विम्याचे कवच घ्यायचे म्हटले तरी वार्षिक हप्ता त्या एक लाखाच्या बऱ्याच लहान भागात बसतो. नेमका आकडा वय, प्रकृती आणि तंबाखूची सवय यांवर ठरेल, त्यामुळे तीन-चार कंपन्यांचे दर मागवून पाहा. वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाल्यामुळे तोही भार आता नाही. ‘हप्ते परत देणारा टर्म प्लॅन’ म्हणून एक प्रकार तुम्हाला दाखवला जाईल. त्याचा हप्ता बराच जास्त असतो आणि परत मिळणारी रक्कम तुमच्याच जादा हप्त्यातून उभी राहते, त्यामुळे तो टाळलेला बरा.

गॅरंटीड पॉलिसीचा हिशेब थोडा तपशिलात करू, कारण ‘दुप्पट’ या शब्दाने आपल्याकडे फार माणसे भारावतात. दहा वर्षे वर्षारंभी एक-एक लाख भरले आणि विसाव्या वर्षाअखेर २० लाख मिळाले, तर त्याचा वार्षिक परतावा सुमारे साडेचार टक्के निघतो. हेच पैसे याच पद्धतीने पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत, गेले आणि सध्याचा ७.१ टक्के दर कायम राहिला, तर वीस वर्षांनी साधारण साडेएकोणतीस लाख होतात. पीपीएफचा दर सरकार दर तिमाहीला ठरवते, तो खाली येऊ शकतो, ही त्यातली जोखीम आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पण गॅरंटीड पॉलिसीतही एक जोखीम असते, ती फक्त दिसत नाही. महागाई सरासरी सहा टक्क्यांनी वाढत राहिली, तर वीस वर्षांनंतरच्या २० लाखांची किंमत आजच्या सव्वासहा लाखांइतकीच उरते. आकडा हमखास आहे, त्या आकड्यात काय विकत घेता येईल ते हमखास नाही. शिवाय ही हमी तुम्ही दहाही हप्ते वेळेवर भराल या अटीवर आहे. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मिळते, त्यानंतर पॉलिसी खंडित होते. खासगी नोकरीतल्या माणसाची एखाद-दोन वर्षे अडचणीची जाऊ शकतात, आणि नेमक्या त्याच वेळी ही हमी सुटते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम सुधारले आहेत, त्यामुळे एक वर्ष पूर्ण होऊन पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेला असेल तर पॉलिसी सोडताना काही रक्कम द्यावीच लागते. पूर्वी पहिल्या वर्षी सोडणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच येत नसे. तरीही सुरुवातीच्या वर्षांत सोडण्यात तोटा होतोच.

तुम्हाला हमीच हवी असेल तर ती तुमच्या घरात आधीपासून आहे. कर्जाच्या मुद्दलात एक लाख भरले की त्या लाखावरचे साडेआठ टक्के व्याज त्या दिवसापासून थांबते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंडही लागत नाही. साडेआठ टक्क्यांचे कर्ज डोक्यावर ठेवून साडेचार टक्क्यांची हमी विकत घेणे हे कितीही सुरक्षित वाटले, तरी त्यात दरवर्षी घरातून पैसा बाहेर जात राहतो.

याचा अर्थ ती पॉलिसी सर्वांसाठी वाईट आहे असा नाही. ज्याच्याकडे पुरेसे विमा कवच आधीच आहे, ज्याच्यावर कर्ज नाही आणि सक्तीचा हप्ता असल्याशिवाय ज्याच्या हातात पैसा टिकत नाही, त्याने विचारपूर्वक घेतली तर ती चालेल. तुमची परिस्थिती तशी नाही.

पत्राच्या शेवटच्या पानावर तुम्ही एक वाक्य सहज लिहिले आहे. “फॉर्म भाऊजींनीच मोबाइलवर भरला, यांनी फक्त ओटीपी सांगितला. यांना जेवणानंतर एखादा खर्रा लागतो आणि साखरेची एक गोळी चालू आहे, पण ते लिहायची गरज नाही असे भाऊजी म्हणाले.” ताई, तुमच्या संपूर्ण पत्रात मला सर्वांत मोठी जोखीम या वाक्यात दिसली. प्रस्ताव अर्जात तंबाखूचे कोणत्याही स्वरूपातील सेवन विचारलेले असते. सिगारेट नसली तरी खर्रा, गुटखा, घोटलेला तंबाखू हे सगळे त्यात येते, आणि आपल्या विदर्भात त्याचे प्रमाण किती आहे हे कोणी सांगायला नको. ईमेलवर आलेल्या पॉलिसीच्या फाइलच्या मागील पानांत त्या अर्जाची प्रत जोडलेली असते. ती आज उघडा. तंबाखू, मधुमेह, चालू औषधे, आधीच्या पॉलिसी, आई-वडिलांचे आजार या रकान्यांपुढे काय उत्तर नोंदले आहे ते पतीसोबत बसून वाचा. ओटीपी सांगितला म्हणजे सही केली असाच त्याचा अर्थ धरला जातो आणि ‘एजंटने भरले’ ही सबब दाव्याच्या वेळी फारशी उपयोगी पडत नाही.

विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला ती कोणत्याही कारणाने आव्हानित करता येत नाही. त्याआधी मात्र महत्त्वाची माहिती दडवली असे दिसले तर दावा नाकारता येतो. त्यात फसवणुकीचा हेतू नसला तर भरलेले हप्ते वारसाला परत मिळतात, विमा रक्कम मिळत नाही. ‘तीन वर्षे निभावली की झाले’ असे सांगणारे लोक भेटतील. पहिल्या तीन वर्षांत काही झाले तर कंपनीच्या कार्यालयात खेटे घालायला तुम्ही असाल, ते नसतील, एवढे त्यांचे ऐकताना लक्षात असू द्या. खरे लिहिल्याने हप्ता वाढेल, कदाचित जास्त तपासण्या कराव्या लागतील, एखादी कंपनी नकारही देईल. पण जी पॉलिसी मिळेल ती पक्की असेल. नवा अर्ज करताना फॉर्म पतीच्या डोळ्यांसमोर, प्रत्येक प्रश्न मराठीत समजून घेऊन भरला गेला पाहिजे आणि वैद्यकीय तपासणीचा आग्रह तुम्ही स्वतः धरावा. तपासणी टाळून मिळणाऱ्या पॉलिसीचा मोह नको.

युलिपबद्दल थोडक्यात. या पॉलिसीतील गुंतवणुकीची जोखीम विमाधारकाने सोसायची असते, असे तिच्या माहितीपत्रकावर ठळक छापावे लागते. ते वाक्य बँकेतील अधिकाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. पैसे पाच वर्षे काढता येत नाहीत आणि तुमची मुलगी तीन वर्षांत बारावीनंतरच्या प्रवेशाला उभी असेल. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरअखेर ९ हजारांच्या खाली गेला होता. तो पुढे सावरला, हे खरे, पण प्रवेशाची फी बाजार सावरण्याची वाट पाहत नाही. करसवलतीचे जे सांगितले गेले तेही तपासा. हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांहून अधिक असेल तर मुदतीअखेरची रक्कम करमुक्त राहत नाही. तुमच्या प्रस्तावात १० लाखांच्या हप्त्यावर साडेबारा लाखांचा विमा आहे, म्हणजे हप्ता विमा रकमेच्या ८० टक्के झाला. आणि तुम्ही दोघे नव्या करप्रणालीत असाल तर हप्त्याची वजावटही मिळणार नाही. बाजारात दीर्घकाळ पैसे ठेवण्याला माझा विरोध नाही. विमा आणि बाजार एकाच पाकिटात बांधून, तेही तीन वर्षांत लागणाऱ्या पैशाने घेण्याला आहे.

दरमहा दोन टक्क्यांची योजना म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. येथे मी पर्याय तोलणार नाही, थेट नाही म्हणेन. नागपूरकरांना २०१३-१४ मधील श्रीसूर्या आणि वासनकर ही गुंतवणूकदारांच्या फसवणुकीची प्रकरणे आठवत असतील. किती निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी त्यांत अडकली, हे आपल्या शहराने पाहिले आहे. तेव्हाही सुरुवातीचे काही महिने पैसे वेळेवर मिळाल्याचे दाखले शेजारी-पाजारीच देत होते. योजना सेबी किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का, हे पतीच्या सहकाऱ्याला विचारा. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर पाहता येते आणि तक्रारही करता येते. नोंदणी नसताना ठेवी गोळा करण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ पासून एमपीआयडी कायदा आहे, पण त्याचा आधार घ्यावा लागणे म्हणजे पुढची अनेक वर्षे कोर्टाच्या तारखांना जाणे.

सासूबाईंच्या पैशाबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. बँकेतील ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेला ते लागू नाही. संस्था चांगली असेल, संचालक ओळखीचे असतील, पण ७२ वर्षांच्या बाईंचे सगळे ६ लाख तेथे असणे बरोबर नाही. मुदत संपेल तसे पोस्टाच्या किंवा बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आणा, तेथे तिमाही व्याजही हाती येते. शिवाय सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ते कार्ड काढून ठेवा. तुम्हा चौघांसाठी मात्र कारखान्याच्या मेडिक्लेमखेरीज स्वतःचा आरोग्य विमा हवा, नाहीतर एका मोठ्या आजारपणात हे १४ लाख संपतील.

त्या १४ लाखांचे मी काय केले असते? साडेतीन लाख, म्हणजे साधारण सहा महिन्यांचा खर्च, मुदत ठेवीत सहज मोडता येतील असे ठेवले असते. मुलीच्या शिक्षणासाठी पाच लाख तिच्या प्रवेशाच्या वर्षी मुदत संपेल अशा ठेवीत. चारेक लाख कर्जाच्या मुद्दलात. उरलेल्यातून या वर्षीचे सगळे विमा हप्ते भरले असते आणि मग जे राहील ते मुलासाठी पीपीएफमध्ये टाकले असते. त्याच्या बारावीला अजून सात वर्षे आहेत, म्हणून दरमहा थोडी रक्कम इंडेक्स फंडाच्या (बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या) एसआयपीतही, म्हणजे मासिक हप्त्यानेही, चालेल, मात्र बाजार पडल्यावर ती बंद करणार नाही एवढी मनाची तयारी असेल तरच. हे आकडे म्हणजे दगडावरची रेघ नाहीत. पण क्रम बदलू नका, आधी कवच, मग राखीव रक्कम, मग कर्ज, आणि वाढीचा विचार त्यानंतर.

जुन्या दोन पॉलिसी रागाच्या भरात मोडू नका. कंपनीकडून दोन्हींची आजची सरेंडर किंमत (आज मोडल्यास मिळणारी), पेड-अप किंमत (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी ठेवल्यास मिळणारी) आणि मुदतीअखेर अपेक्षित रक्कम लेखी मागवा. आजवर किती भरले हे त्या हिशेबात धरू नका. आज हाती येणारी रक्कम आणि पुढचे हप्ते यांच्या बदल्यात पुढे किती मिळणार, एवढेच पाहा. मुदत संपायला चार-पाच वर्षेच राहिली असतील तर चालू ठेवणेच बहुधा योग्य ठरते.

टर्म प्लॅन घेताना आणखी दोन गोष्टी बघाव्यात. विवाहित स्त्रियांच्या संपत्तीविषयी १८७४ चा एक जुना कायदा आहे. पतीने त्याखाली पॉलिसी घेतली तर ती रक्कम पत्नी-मुलांसाठी विश्वस्त निधी ठरते आणि पतीच्या कर्जापोटी सावकार किंवा बँक तिच्यावर हक्क सांगू शकत नाही. मात्र ते अर्जाच्या वेळीच नमूद करावे लागते, मागाहून करता येत नाही. दुसरे, माणूस जातो त्यापेक्षा तो जायबंदी होऊन घरी बसतो तेव्हा घर अधिक खचते, कारण पगार थांबतो आणि खर्च वाढतो. रोज महामार्गावर दुचाकी चालवणाऱ्या पतीसाठी कायमच्या अपंगत्वाची भरपाई देणारा स्वतंत्र अपघात विमा हवाच. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचे अपघाती कवच देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आजच चालू करा, फक्त तिच्यावर समाधान मानू नका. तुमच्या स्वतःच्या नावेही २५-३० लाखांचा टर्म प्लॅन असावा. तुमचा पगार लहान असला तरी सासूबाई आणि दोन मुले यांचे सगळे तुम्ही सांभाळता आणि त्या कामाला माणूस ठेवायचा म्हटला तर काय पडेल याचा अंदाज तुम्हालाच अधिक आहे.

राहिले तुमचे मामेदीर. पॉलिसी परत केली तर सासूबाईंना वाईट वाटेल, लग्नकार्यात तोंडे फिरतील, ही तुमची भीती मला खरी वाटते आणि मी ती क्षुल्लक मानत नाही. पण हे त्यांच्याविरुद्ध करायचे काम नाही. पतीने त्यांना घरी बोलावून सांगावे की आम्हाला आधी मोठे कवच हवे आहे, खर्रा आणि गोळी लिहून टर्म प्लॅनचा नवा अर्ज तूच भर. त्यांचे कमिशन कमी होईल, पण काम त्यांच्याकडेच राहील, आणि दाव्याच्या वेळी धावपळ करणारा घरचा माणूस असणे याला किंमत आहेच. त्यांनी खरे लिहायला नकार दिला तर मात्र दुसरीकडे जा.

नव्या टर्म प्लॅनचा अर्ज या आठवड्यात करा, म्हणजे फ्री लूकची मुदत संपण्याआधी तो मंजूर होण्याची शक्यता राहील. मंजुरी लांबली तरी परत करण्याची तारीख चुकवू नका, कारण चुकीच्या माहितीवर उभे असलेले ११ लाखांचे कवच धरून ठेवण्यासारखे नाही. परतीचा अर्ज फक्त एजंटच्या हाती देऊ नका. पॉलिसीवरील ईमेल पत्त्यावर तो पाठवा आणि त्याची छापील प्रत कंपनीच्या नागपूर शाखेत देऊन तारखेचा शिक्का असलेली पोच घ्या. कंपनीने टाळाटाळ केली तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि ‘विमा भरोसा’ संकेतस्थळावरही ती नोंदवा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणे ऐकली जातात. त्या वेळी पहिला कागद मागतील तो हीच शिक्क्याची पोच.